बत्तीस नंबरचा कोट

४ जून

बारक्या,

वर आशीर्वाद लिहू की नको हे ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहून मोकळी झाले. चौदा वर्षांनी सख्ख्या भावाला पत्र लिहायचं तर सुरुवात कशी करतात, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

पहिलं म्हणजे तुझ्या बायकोला माझे आभार सांग. जिला मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तिने मला कार्ड टाकलं. 'ताई, तुम्हाला अर्धांगाचा झटका येऊन गेल्याचं कळलं. पत्ता देतेय, लिहावंसं वाटलं तर लिहा. यांना मी विचारलेलं नाही.' हे मी चाळीस वेळा वाचलं असेल. खाली आणखी एक ओळ होती. तू खोक्यांच्या कारखान्यात खोक्यांवर अक्षरं रंगवतोस आणि चित्रं काढणं केव्हाच सोडलंस. ती ओळ मात्र मी एकदाच वाचली.

अक्षर बघून हसू नकोस, डाव्या हाताचं आहे. जानेवारीत एका गिऱ्हाइकाच्या पँटची घडी घालत होते आणि उजवा हात एकदम माझा राहिलाच नाही. पाय महिन्याभरात परत आला. तोंडही वाकडं झालं होतं म्हणे, पण शेजारीण म्हणते, ते वाकडं असतानाही चालूच होतं. हात मात्र अर्धाच आला. चमचा धरतो, सुई धरत नाही. मग काय, दुकान बंद केलं.

व्यायाम करून घ्यायला जी पोरगी यायची ती म्हणाली, "आजी, आता डाव्या हाताला काहीतरी शिकवा. जाड दांड्याचं काहीतरी धरायला द्या त्याला." आजी! एकसष्ट म्हणजे काय आजीचं वय आहे? पण तिचे उपकार मी विसरणार नाही. तिनेच मला हाताला धरून वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर नेलं आणि तैलरंगाच्या वर्गात नाव घातलं. ब्रशाचा दांडा जाड मिळतो, एवढंच तिचं म्हणणं. हसलास ना? हस. जी ताई जन्मभर तुला 'रंग फासणं बंद कर' म्हणून ओरडली, ती आता तेच करतेय.

बाईंना सगळे हळूबाई म्हणतात, कारण दर वाक्याला त्यांचं 'हळू' ठरलेलं. आम्ही सहा जण आहोत. नियम असा, की वर्षभर एकच जुनं चित्र समोर ठेवायचं आणि त्याची नक्कल करायची, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. म्हटलं, हे बरंय, जुन्या शर्टावरून नवा शर्ट बेतण्यासारखंच.

चित्र दोनशे वर्षांपूर्वीचं, कुठल्यातरी लांबच्या देशातलं. भिंतीवर त्याची मोठी छापील प्रत लावली आहे. हळूबाई म्हणतात, त्या काळात काही चित्रकारांना साध्या घरातल्या माणसांचं वेड लागलं होतं, आणि बघणाऱ्याचा गळा भरून आल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. एक खोली आहे. तरुण मुलगा घर सोडून निघालाय, अंगात नवा कोट. बाप खुर्चीत कागद धरून बसलाय, पण वाचत नाहीये. आजा विस्तवापाशी शेकतोय. आणि मुलाची बहीण त्याच्या कोटाचं शेवटचं बटण लावतेय, कोट त्याच्या अंगावर असतानाच. सुई तिच्या डाव्या हातात आहे. तुझ्यासारखी डावखुरी! पहिले दोन तास मी नुसती त्या सुईकडे बघत बसले.

आता जुनं एकदाच लिहिते. अग्निशमन दलाच्या बँडचे बत्तीस कोट द्यायला दोन दिवस राहिले होते आणि तू मला तसंच टाकून निघून गेलास, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खोटं नाही. तुझ्या बायकोने वाचलं तर तिला कळावं म्हणून सांगते, कोटाच्या पुढच्या बाजूला आत जाड कॅनव्हास घातल्याशिवाय छाती उभी राहत नाही. चार कोटांचा कॅनव्हास कमी पडला. तुझा चित्रांचा कॅनव्हास कपाटामागे गुंडाळून ठेवलेला होता, मी तो कापून घातला. मला तो कोरा वाटला. तेव्हाही मी हेच सांगितलं होतं. तिथे अंधार होता आणि मला कोरा वाटला.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. वाच मात्र.

ताई

*

२३ जून

बारक्या,

मी चित्राला इस्त्री केली.

हो, नीट वाचलंस. त्याचं असं झालं. आधी कोळशाने चौकटी आखायच्या, मग आकार काढायचे, मग सगळ्यावर टर्पेंटाइनमध्ये कालवलेल्या तपकिरी रंगाचा पातळ हात द्यायचा. तो वाळला की पुढचा थर, त्यात तेल जरा जास्त. पातळ खाली, तेलकट वर. उलटं केलं तर काही वर्षांत रंगाला भेगा जातात. हे मला पटकन पटलं, अस्तर आधी बसवतात तसंच आहे. पण वाळायला दोन-दोन, तीन-तीन दिवस! माझा सगळा जन्म 'परवा ट्रायल, तेरवा डिलिव्हरी' करण्यात गेला. मला कुठला दम निघतोय? घरून छोटी इस्त्री नेली, हळूबाई खाली चहाला गेल्याचं बघितलं आणि कॅनव्हासच्या मागून हलकेच फिरवली.

बापाच्या गालावर हे एवढे फोड आले.

हळूबाई आल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही याला इस्त्री केलीत?" मी म्हटलं, "थोडीशीच." माझ्या शेजारी एक दातांचे डॉक्टर बसतात, निवृत्त. ते हसून हसून खाली बसले. हळूबाई मात्र रागावल्या नाहीत. फोड खरवडून काढले आणि म्हणाल्या, "रंगाला घाई कळत नाही. तुम्ही घाई केलीत तर तुम्हालाच परत यावं लागतं." त्या बाईंच्या बोलण्याने मला फार बरं वाटतं. मी तुला असं कधी काही बोलले असते तर!

दुसरी गोष्ट सांगायची आहे. कॅनव्हास कापायला दुकानातली आपली मोठी कात्री नेली होती, अप्पांची. डाव्या हातात धरली. अरे, ती कापतच नाही! कापड पात्यांमध्ये दुमडतं, चावल्यासारखं होतं, अंगठ्याला वळ उठतो. मला वाटलं, धार गेली. हळूबाईंनी उजव्या हातात घेतली तर सर्रकन कापलं. त्या म्हणाल्या, "कात्री उजव्या हाताची असते ताई. डाव्या हाताने दाबलं की पाती एकमेकींपासून लांब जातात."

बारक्या, मला हे माहीत नव्हतं. तीस वर्षं धंदा केला आणि माहीत नव्हतं. अप्पा बाप असून तुला 'कापडाचा खाटीक' म्हणायचे, मी पण म्हणायचे. तुला कधी बेतायला बसवलं नाही, कायम शिवणावर ठेवलं, आणि आळशी आहे म्हणून सगळ्यांना सांगितलं. तुझ्या अंगठ्यावर तो घट्टा होता, तो मी रोज बघायचे. वाटायचं, ब्रश धरून धरून झालाय.

आज आठवलं म्हणून लिहिते. मी टेबलाशी कापत असले की तू मशीनवरून मान वर करून म्हणायचास, "ताई, हलू नकोस जरा." मी म्हणायचे, "मी हलले नाही तर घर हलेल." तू हसायचास आणि पुन्हा मशीन चालू करायचास. तेव्हा वाटायचं, पोरगं वेळ काढतंय.

ताई

*

१७ जुलै

बारक्या,

आज वर्गात मी जो गोंधळ घातला तो ऐक. ऐकून तुला शिवणकामाचा थोडा तरी अभिमान वाटेल.

सहा आठवडे झाले, मी कोटापर्यंत आले. हळूबाईंनी खास बजावलं होतं, "ताई, कोट तुमच्या हातचा आहे, मला खात्री आहे." आणि मला तो काही केल्या काढता येईना. बाही झाली, कॉलर झाली. बटणांच्या पट्टीशी आले की हात थांबायचा. सुरुवातीला वाटलं, हात दमला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी ब्रश ठेवला आणि चित्राला शिव्या द्यायला लागले. डॉक्टर म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "हा कोट पुरुषाचा नाहीच! पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर असते. इथे उजवी वर आहे. या चित्रकाराने जन्मात कधी कोट घातला नव्हता का?"

हळूबाई म्हणाल्या, "हळू. चुकला असेल एखादा."

मग मी बापाकडे बघितलं. त्याचीही उजवी वर. आजाकडे बघितलं, त्याचीही. एक चुकेल रे, तिघं कसे चुकतील? आणि एकदम डोक्यात आलं. ट्रायलच्या आरशात गिऱ्हाईक स्वतःला बघतं तेव्हा त्याची बटणं अशीच दिसतात. मी ओरडलेच, "बाई, हे चित्र उलटं छापलंय!"

हळूबाई जिना उतरून वाचनालयात गेल्या आणि अर्ध्या तासाने एक जाड पुस्तक घेऊन धापा टाकत वर आल्या. त्यात तेच चित्र होतं, हाताच्या तळव्याएवढं. दार उजवीकडचं डावीकडे, विस्तव डावीकडचा उजवीकडे, आणि सगळ्यांची बटणं जागच्या जागी. हळूबाई खुर्चीत बसल्या. "एकोणीस वर्षं मी हे शिकवतेय," म्हणाल्या, "शंभर तरी नकला झाल्या असतील." मग त्या आधी हळू आणि मग मोठ्याने हसायला लागल्या आणि माझा डावा हात धरून म्हणाल्या, "शिंप्याशिवाय हे कोणाच्या बापाला कळलं नसतं!" बारक्या, झटक्यानंतर इतकं कौतुक माझं पहिल्यांदाच झालं. घरी येताना मी बसमध्ये एकटीच हसत होते.

एकाच गोष्टीचं वाईट वाटलं. ती बहीण डावखुरी नाही. सरळ चित्रात सुई तिच्या उजव्या हातात आहे. इतके दिवस मी तिला तुझी समजून रंगवत होते.

घरी आल्यावर चहा घेताना एक विचार आला, तो सांगू का? एकोणीस वर्षं एवढी माणसं त्या चित्रासमोर बसली आणि कोणाला शंका आली नाही, कारण पहिल्या दिवसापासून ते तसंच बघितलं होतं. मीसुद्धा तुझी-माझी गोष्ट चौदा वर्षं एकाच बाजूने सांगतेय. शेजारणीला, गिऱ्हाइकांना, नातेवाइकांना. 'भाऊ टाकून गेला.' सांगून सांगून ती मलाच खरी वाटायला लागली.

आज एवढंच. हात दुखतोय.

ताई

*

९ ऑगस्ट

बारक्या,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता फाडणार नाही.

गेल्या आठवड्यात त्या बहिणीचा हात पूर्ण झाला होता. सुई धरलेला हात. अठरा दिवस लागले मला. चार बोटं आणि एक अंगठा, त्याला अठरा दिवस. नखावरचा उजेड मी पाच वेळा पुसून काढला होता. हळूबाईंनी लांबून बघितलं, जवळून बघितलं आणि 'हळू' न म्हणता निघून गेल्या. यापेक्षा मोठी शाबासकी त्या वर्गात मिळत नाही.

मी ब्रश धुवायला गेले. परत येते तर डॉक्टर माझ्या चित्रापुढे उभे आणि त्यांचा अख्खा तळवा त्या हातावर टेकलेला. खाली पडलेला चष्मा उचलताना तोल गेला आणि आधाराला हात टेकला म्हणे. तळवा काढला तर हात नाहीच. नुसता गुलाबी चिखल.

मी असं किंचाळले की खालून वाचनालयवाले धावत आले. डॉक्टर बिचारे पांढरेफटक पडले. म्हणाले, "ताई, मला वाटलं वाळलंय."

मी म्हणाले, "वाटलं म्हणजे काय? दिसत नाही? बघितल्याशिवाय हात लावायचाच कसा?" आणि तिथेच माझी बोलती बंद झाली. पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. सगळ्यांना वाटलं, परत झटका आला. मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. डॉक्टर नाडी बघायला लागले, दातांचे असून.

मला झटका नव्हता आला. मला माझंच वाक्य ऐकू आलं होतं. 'मला कोरा वाटला.'

बारक्या, मला तो कोरा वाटला नव्हता.

कपाटामागे अंधार होता, पण मी तो टेबलावर आणून उलगडला होता, खिडकीच्या उजेडात. हातभर उलगडला आणि रंग दिसला. आपल्या दुकानातलं टेबल दिसलं, कोणाचा तरी पाय दिसला, चप्पल दिसली. पुढचं उलगडून बघितलं नाही. मला एवढा राग आला होता की बघायचंच नव्हतं. मी इथे बत्तीस कोटांखाली दबून मरतेय आणि हा दुपारी मागच्या खोलीत चित्रं काढतोय! मी ते पालथं घातलं, मागच्या कोऱ्या बाजूवर खडूने आखलं आणि कापलं. रंग कापडाला लागू नये म्हणून रंगाची बाजू आत ठेवली. एवढं सगळं मी समजून उमजून केलं. चार कोट, आठ तुकडे.

तू संध्याकाळी आलास. तुकडे शिवून झाले होते. कपाटामागे बघितलंस आणि ओरडला नाहीस, भांडला नाहीस. एवढंच विचारलंस, "ताई, उलगडून बघितलं होतंस का?"

मी म्हणाले, "कोरं तर होतं."

तू पिशवी भरलीस. तेव्हा मी खरं बोलले असते आणि वर दोन शिव्या दिल्या असत्या, तरी तू थांबला असतास. मला माहीत आहे. चित्र कापल्यामुळे नाही, त्या तीन शब्दांमुळे तू गेलास. आणि त्यानंतर तू ब्रश धरला नाहीस, हे मला आत्ता, तुझ्या बायकोमुळे कळलं.

एका हाताला अठरा दिवस लागतात हे मला आता माहीत आहे. तुझं चित्र दारापेक्षा थोडंच लहान होतं. त्याला किती दिवस लागले असतील, हा हिशेब करायला लागले की माझी पाचावर धारण बसते.

माफ कर म्हणायची माझी लायकी नाही, पण म्हणते. माफ कर मला.

डॉक्टरांची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. त्यांनी मला एक मऊ ब्रश दिला, जुना, त्यांच्या बायकोचा. हात मी परत काढतेय.

ताई

*

१ सप्टेंबर

बारक्या,

पार्सल मिळालं.

चिठ्ठी शोधली. खोकं उलटं केलं, कागद झटकले. चिठ्ठी नव्हती, नुसती कात्री. खोक्यावर माझा पत्ता तुझ्या हातचा, कारखान्यातल्यासारखा ठसठशीत. मी कात्री डाव्या हातात घेतली आणि जुन्या चादरीचा एक कोपरा कापून बघितला.

सर्रकन गेली रे!

डाव्या हाताची कात्री मिळते हेच मला माहीत नव्हतं. तुझ्याकडे ती किती वर्षं आहे, नवी घेतलीस की तुझीच आहे, काही कळायला मार्ग नाही. दांडा थोडा झिजलाय, म्हणजे तुझीच असावी. मी टेबलाशी बसून चादरीच्या चिंध्या चिंध्या केल्या आणि रडले. शेजारीण बघून गेली. तिला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

बाकी काही लिहीत नाही. फार फार आभारी आहे.

ताई

*

२८ सप्टेंबर

बारक्या,

आता बसून वाच. बायकोलाही जवळ बसव.

रविवारी अग्निशमन दलाचा बँड रस्त्यावरून गेला. मी गॅलरीत होते. सगळ्यांच्या अंगात नवे कोट. कोट कसले, गोणपाटं! खांदे कोपरापर्यंत लटकलेले, छाती बसलेली. माझा संताप संताप झाला. चौदा वर्षं आपले कोट घालून हे लोक मिरवले आणि आता हे? आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. आपले कोट कुठे गेले?

सोमवारी सकाळी मी त्यांच्या ठाण्यावर हजर. बँडमास्तर नवा आहे, पण भला माणूस. म्हणाला, "जुने कोट गोदामात पडलेत आजी, पुढच्या महिन्यात जातील भंगारात." आजीबद्दल मी त्याला माफ केलं. म्हणाला, "त्यातले तीन-चार कोट मात्र अजब होते. एवढे कडक, की खुंटीवरून काढले तरी आपले उभेच राहायचे. ते घालायला आमच्यात भांडणं व्हायची." मी मान खाली घातली.

आठवतंय ना, प्रत्येक कोटाच्या आतल्या खिशात आपण लाल दोऱ्याने नंबर घालायचो. तुझा कॅनव्हास शेवटच्या चार कोटांत गेला होता. एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस. धुळीत बसून मी ढीग उपसला. दोन जवान मदतीला दिले होते त्याने. एकोणतीस सापडला, तीस सापडला, एकतीस अगदी तळाशी. बत्तीस नाही. तो मोठा ढोल वाजवणाऱ्याचा होता. तो माणूस निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेला, जाताना हट्टाने कोट घेऊन गेला. पत्ता कोणाकडे नाही.

तिन्ही कोट घरी आणले आणि तुझ्या कात्रीने उसवले. माझेच टाके होते, बारीक आणि घट्ट. डाव्या हाताने एकेक तोडत गेले. सहा तुकडे निघाले. रंगाला थोड्या चिरा गेल्यात, एका बाजूला घामाचा डाग आहे, पण रंग आहे. आत राहिल्यामुळे उन्हाने उडाला नाही. सहाही तुकडे मी आपल्या बेतायच्या टेबलावर जिथल्या तिथे लावले. बेतायचं मला कोणी शिकवायला नको.

टेबल आलं, टेबलावर अप्पांची कात्री. खिडकी आणि खिडकीतून येणारा सकाळचा उजेड. चपला आल्या, डाव्या चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवलेला. मग पदर, त्याला खोचलेल्या सात टाचण्या. मग हात. मनगटावर इस्त्रीचा चटका बसलेला डाग.

तो डाग माझ्या मनगटावर आहे. आत्ता लिहितानाही मला दिसतोय.

बारक्या, तू मला काढलं होतंस.

गळ्यातला टेप पण काढलायस तू, त्याच्या टोकाचा पितळी पत्रा वाकला होता तो सुद्धा वाकडाच काढलायस. टाचण्या तू मोजल्या होत्यास का रे? आता मी हे काम शिकतेय म्हणून मला कळतं, एवढं काढायचं तर माणसाकडे किती बघावं लागतं. महिनोन्‌महिने बघावं लागतं. मी तुला आळशी म्हणत होते, खाटीक म्हणत होते, आणि तू मान वर करून माझ्याकडे बघत होतास. 'ताई, हलू नकोस जरा.' माझ्याकडे आयुष्यात दुसऱ्या कोणी इतकं बघितलेलं नाही. गिऱ्हाइकांनी कोट बघितले. अप्पांनी शिलाई बघितली. लग्न झालं नाही, मूल नाही. मला वाटायचं, आपल्याकडे बघण्यासारखं काही नसेलच.

आणि ते चौदा वर्षं बँडवाल्यांच्या छातीवर गावभर मिरवत होतं! मला हसूही येतंय आणि रडूही.

तुझे आभार कोणत्या शब्दांत मानू, ते मला येत नाही. तू चिडून हे पत्र फेकून दिलंस तरी मी आभारीच राहीन.

ताई

*

१२ ऑक्टोबर

बारक्या,

माझी नक्कल पूर्ण झाली. वर्गात तिच्यावरून भांडण झालं, ते आधी सांगते.

हळूबाई म्हणत होत्या, चित्र उलटं तर उलटं, पण नक्कल म्हणजे समोर जे आहे तेच. मला ते जमलं नाही. तिघांच्याही कोटांची बटणं मी सुलट केली. पुरुषाला बायकी बटणं लावून मी कोणाला दुकानाबाहेर सोडलं नाही, चित्राबाहेरही सोडणार नाही. हळूबाई म्हणाल्या, "मग सगळंच सुलट करायचं होतंत. बहिणीची सुई पण उजव्या हातात द्यायची." मी म्हटलं, "नाही. सुई डाव्याच हातात राहील." "असं कसं? अर्धं एक, अर्धं एक?" मी म्हटलं, "बाई, पास नाही केलंत तरी चालेल." त्यांनी चष्मा कपाळावर नेला, हाताकडे बघितलं, परत काढलेला हात आहे तो, आणि म्हणाल्या, "राहू द्या." डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या नकलेत आजाचे दात फार सुंदर आलेत, खरं तर आजाला दात नाहीत.

हळूबाईंना मी तुझे सहा तुकडे दाखवायला घरी बोलावलं होतं. त्या टेबलाभोवती दोनदा फिरल्या. जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "याने ब्रश सोडला? कोणी सोडू दिला?" मी म्हणाले, "मी." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता मुद्द्याचं. तुकडे मी पोस्टाने पाठवणार नाही. ते टेबलावरच आहेत, वरून पातळ कापड झाकलंय. पदर आहे, हात आहे, टेप आहे, चपला आहेत. मानेच्या वर काही नाही. चेहरा बत्तीस नंबरच्या कोटात गेला आणि तो कोणा ढोलवाल्याच्या अंगात, कुठल्या गावात, देव जाणे. मी चौकशी लावली आहे, पण मला सापडेल असं वाटत नाही. आणि खरं सांगू? सापडला नाही तर मला दुःख नाही. तो चेहरा तेव्हाचा होता. रागीट असणार, तोंड उघडं असणार.

मी नवा कॅनव्हास आणला. रिकाम्या जागेच्या मापाने आखला, तुझ्या कात्रीने कापला आणि पांढऱ्या रंगाचे तीन हात दिले. प्रत्येक हात नीट वाळू दिला, इस्त्री लावली नाही. काल तो जागेवर ठेवून बघितला. मापात बसतोय.

तुझ्या बायकोचं परवा कार्ड आलं. लिहिते, 'पत्रं हे कपाटात ठेवतात, कुलपात. किल्ली खिशात असते.' देव तिचं भलं करो. तिलाही घेऊन ये. रंग आणू नकोस, माझे आहेत. ब्रश आणू नकोस, डॉक्टरांनी दिलेला मऊ ब्रश तुझ्यासाठी धुवून ठेवलाय. हात बसला नसेल तर बसेल. माझा एकसष्टाव्या वर्षी बसला, तोही चुकीचा.

खिडकीपाशी खुर्ची ठेवली आहे. दहा ते एक उजेड चांगला असतो. टेप गळ्यात घालून बसेन, टाचण्या सातच लावेन. किती दिवस लागतील ते लागू देत. डिलिव्हरीची तारीख नाही.

ये. मी हलणार नाही.

तुझी
ताई